वाळू, तेल आणि मिठाचें माप

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. स्वच्छ कांचेवर तोच पसरतो. पृष्ठभाग कोणत्या द्रवास जवळ करितो, ह्या गुणावर वालुकाखडकांतील खनिज तेलाचें भवितव्य बरेंच अवलंबून असतें.

तेल पुढें लोटण्यासाठीं खडकांत दाबानें पाणी सोडतात. तरी पुष्कळदां निम्म्याहून अधिक तेल खालींच राहतें. ह्याचें एक कारण असें कीं, वाळूच्या कणांस चिकणमाती लागलेली असते, आणि पाण्यांतील कॅल्शियमचे विद्युद्भारित अणु दुव्याप्रमाणें तेलास तिच्याशीं जखडून ठेवितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बरेच कमी केल्यास हे दुवे सुटतात, कण पाण्यास जवळ करितात व तेल वाहूं लागतें, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानितात. मात्र पाणी अगदींच गोडें केल्यास माती फुगून छिद्रें बुजण्याचें भय असतें.

शेटलंड बेटांच्या पश्चिमेस क्लेअर रिज येथें २०१८ सालीं तेल निघूं लागलें. तेथें समुद्राच्या पाण्यांतील क्षार उतरवून तें खडकांत सोडण्याची योजना आखण्यांत आली होती.

स्वयंपाकाप्रमाणें भूगर्भांतही मिठाचें माप चुकून चालत नाहीं, इतकें आमच्या विद्यार्थिबंधूंनीं ध्यानांत ठेवावें.