तलाव आधी, लेआऊट नंतर: गोंदिया जिल्ह्यातल्या लहान शहरांसाठी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी एक शेवटी घेतला आहे.)

पत्रिकेवर विषय जरा भारदस्त छापलाय, 'पुनरुज्जीवी नगरनियोजन'. सोपं करून सांगतो. पर्यावरणाचं नुकसान कमी करा, हे आपण नेहमी ऐकतो. पण जिथे तलाव गाळाने भरलेत आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात, तिथे तेवढ्याने भागत नाही. शहर वाढताना जमिनीची पाणी मुरवण्याची, सावली देण्याची, माणसाला पोसण्याची ताकद परत वाढली पाहिजे. त्याला म्हणायचं पुनरुज्जीवन.

आधी एक कबुली देतो. माझं स्वतःचं घर एका बुजवलेल्या बोडीवर उभं आहे. प्लॉट घेताना मी विचारलं नाही, विकणाऱ्याने सांगितलं नाही. पावसाळ्यात अंगणात पाणी येतं तेव्हा शेजारी म्हणतात, पाणी घरात शिरलं. खरं तर पाणी आपल्या जागी परत आलेलं असतं.

पाण्याची साखळी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. इथे वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. म्हणजे आपला प्रश्न पाण्याच्या कमतरतेचा कमी, पाणी थांबवण्याचा जास्त.

हे कोहळी समाजाने शतकांपूर्वी ओळखलं. तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन कसायला मिळायची, अशी गोंड राजांच्या काळातली परंपरा सांगितली जाते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्याच वारशातला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. पुढे ते मालगुजारांकडे होते, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, आपल्या बोलीत मामा तलाव म्हणतात.

त्यांची रचना बघा. उताराला आडवी मातीची पार. पाणी सोडायला तुडुम. तिथून पाटाने पाणी धानाच्या बांधीत. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. ही साखळी आहे. मधली एक कडी बुजवली की दोन गोष्टी होतात: तिथे पाणी तुंबतं, आणि खालचा तलाव कोरडा राहतो.

एका एकराचा हिशेब

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. धानाच्या बांधीचा धुरा समजा १५ सेंटिमीटर उंच. तेवढं पाणी अडलं तर ते होतं सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर! त्या एकरावर लेआऊट पडला, धुरे मोडले, सिमेंटचा रस्ता आला, की हे पाणी थेट नालीत जातं. नाली मात्र सांडपाण्याच्या मापाची. मग आपण नगरपंचायतीला शिव्या घालतो. पण पाणी साठवणारी जागाच आपण विकली, हे कोणी बोलत नाही.

तलाव खोल केला म्हणजे झालं?

१९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जायलाच हवी होती, तिच्यात बेगार होती, अन्याय होता. पण पार दुरुस्त करायची, पाट साफ करायची गावाची सवयही तिच्यासोबत मोडली.

आता यंत्राने गाळ काढतात. गाळ काढणं गरजेचं आहे, शेतालाही तो उपयोगी. पण मधोमध खड्डा खणला आणि काठ उभे तासले, तर उथळ पाणी संपतं. देवधान, कमळ, पाणवनस्पती तिथेच उगवतात. मासे अंडी तिथेच घालतात. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मच्छीमारांसोबत वेगळी वाट धरली. बेशरमाची झुडपं उपटायची, तलावाचा तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. वनस्पतींमागे स्थानिक मासे आणि पक्षी येतात, आणि मासळीमागे रोजी. कुठली वनस्पती कुठे लावायची हे ज्ञान ढिवरांकडे होतं. शहराच्या आराखड्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची हवी, ती याच कारणाने.

मग करायचं काय?

पहिलं, साखळीचा नकाशा. तलाठ्याकडचा गाव नकाशा आणि निस्तारपत्रक काढा. बोडी, पाट, नाले, गुरांच्या वाटा कुठे होत्या ते सगळं त्यात सापडतं. दुसरं, ती साखळी विकास आराखड्यात आधी आखा, रस्ते आणि लेआऊट त्यानंतर. १९६६च्या नगररचना कायद्यात आराखड्यावर हरकती मागवल्या जातात. मुदत मोजकी असते, तेव्हा झोपून चालत नाही. तिसरं, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय तलावात नको. चौथं, पारेच्या पायथ्याशी आणि रस्त्याकडेला आंबा, मोह, कडुनिंब. मे महिन्यात बाजाराला चालत जाणाऱ्या बाईला सावली मिळते की नाही, ही माझी नियोजनाची परीक्षा आहे.

अतिक्रमणाबद्दल एवढंच: गावतलाव आणि सामायिक जमिनी परत मिळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ लाच सांगितलंय.

प्रश्न: तलाव सुधारले तर पूर थांबेल का?

सगळे पूर नाही थांबणार, खोटं कशाला सांगू? ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. वरून एवढं पाणी आल्यावर आपल्या बोड्या काय करणार? तिथे धरणांच्या विसर्गाची वेळेवर सूचना आणि पूररेषेत बांधकाम न करणं, हेच कामाचं. चीनने 'स्पंज शहरं' उभारली, त्यातलं झेंगझोऊ तरीही जुलै २०२१ मध्ये बुडालं. पण दरवर्षीचा तुंबणारा चौक आणि एप्रिलमधली कोरडी विहीर, हे आपल्या हातात आहे.

माझ्या अंगणातली फरशी मी काढलीय. बोडी काही परत येणार नाही. पण वॉर्डातली दुसरी बोडी अजून शिल्लक आहे. ती कुठल्या गटात आहे, नकाशावर काय लिहिलंय, हे विचारायला सोमवारी तलाठी कार्यालयात जाणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात जा.