दगडाची भाकर आणि खोटे माप

गुड फ्रायडे जवळ आला की ख्रिस्ती बांधवांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची सांगता होऊ लागते. या चाळीस दिवसांचे मूळ येशू ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या उपोषणात आहे. आम्ही वृत्तीने हरिदास. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपुरी, वर्धेच्या काठी आमचे बालपण गेले. तरी मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्याने आम्हांस ओशाळे केले आहे. त्याचे कारण आज वाचकांपुढे ठेवतो.

क्षुधित येशूपुढे सैतान तीन वेळा उभा राहिला. प्रथम म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. मग मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणाला, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. अखेरीस उंच पर्वतावरून जगातील राज्ये दाखवून म्हणाला, मला नमन कर, हे सारे तुझे. येशूने तिन्ही वेळा नकार दिला. येथे कठोपनिषदातील नचिकेत आठवावा. यमाने देऊ केलेले हत्ती, घोडे, सुवर्ण आणि दीर्घायुष्य त्या बालकाने असेच नाकारले. परंतु आम्हां शास्त्रीमंडळींनी ध्यानी धरावी अशी गोष्ट दुसऱ्या प्रसंगात आहे. तेथे सैतान धर्मग्रंथातलेच वचन म्हणून दाखवतो. मोह शास्त्राधार घेऊन आला म्हणजे ओळखू येत नाही.

1994 साली अकोला जिल्ह्यातील एका बाजारगावी एका अडत्याने सप्ताह बसविला होता. तुरीचा हंगाम होता. त्याच्या काट्यावर शेतकऱ्याच्या पोत्यामागे वजन कमी लिहिले जाते, ही कुजबुज आमच्या कानी आली होती. तेथील ख्रिस्ती मापाऱ्यांनी तसे लिहिण्यास नकार दिला आणि त्यांचे काम सुटले, हेही कळले होते. यजमान आम्हांस म्हणाले, “महाराज, निरूपणात मापाचा विषय नको.” आम्ही तो टाळला. सत्य बोलावे, पण प्रिय करून बोलावे, हे शास्त्रवचन तेव्हा आमच्या फार कामी आले! बिदागी दुप्पट मिळाली.

मंडपातून निघताना ते मापारी भेटले. मागच्या रांगेत बसून त्यांनी पूर्ण कीर्तन ऐकले होते. हात जोडून एवढेच म्हणाले, “महाराज, आज मापाचं काही निंघन म्हनून आलो होतो जी.” आम्हांजवळ उत्तर नव्हते. घरची चूल अडचणीत असता त्या गृहस्थाने धोंड्याची भाकर केली नाही. आणि आम्ही, पोट भरलेले असता, केली. ती बिदागी आम्ही परतही केली नाही. संसारात खर्च झाली.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र वाचले, तेव्हा या प्रसंगाची पुन्हा आठवण झाली. टिळक संस्कृतज्ञ, नागपुरात काही काळ त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तस्वकीय दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंचीही काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्यांनी ख्रिस्ती कीर्तनेही केली. म्हणजे एका अर्थी ते आमचेच व्यवसायबंधू. मिशनच्या आश्रयाने निर्वाह चालला असता, 1917 साली त्यांनी ते वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1919 साली, त्यांचे निधन झाले. उतारवयात मनुष्य निर्वाहाची सोय पाहतो. टिळकांनी ती सोडली.

प्रलोभन एकदा जिंकले म्हणजे संपले, असे ख्रिस्तचरित्रही सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानात सैतान योग्य संधीची वाट पाहत निघून जातो, असेच म्हटले आहे. म्हणून आता तुरीच्या हंगामात कोठेही सप्ताह असो, एक दिवस आम्ही मापाचा विषय घेतो. निरूपण करताना दृष्टी आपोआप मागच्या रांगेकडे जाते.