घरच्या थिएटरसाठी संगणक जुळवावा का?

दिवाणखान्यातील टीव्हीला संगणक जोडावा आणि चित्रपट, गाणी, छायाचित्रे, वाहिन्या असे सारे काही त्यावरच पाहावे, ही कल्पना आता दोन दशकांहून अधिक जुनी झाली. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर’ ही आवृत्ती काढली. त्याच वर्षी ‘मिथटीव्ही’ ही मोफत प्रणाली आली आणि ‘होम थिएटर पीसी’ हा शब्दप्रयोग हळूहळू रूढ झाला. आपल्याकडे या कल्पनेचे घरगुती रूप म्हणजे टीव्ही ट्यूनर कार्ड. संगणकात कार्ड बसवायचे, केबलवाल्याची तार त्यात खोचायची आणि मॉनिटरवर क्रिकेटचा सामना पाहायचा. हवा तो कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवूनही ठेवता येई. टीव्ही आणि संगणक हे दोन्ही खर्च न झेपणाऱ्या विद्यार्थ्यांना या कार्डाचे अप्रूप होते.

हा प्रश्न आता पुन्हा घरोघरी निघू लागला आहे, त्याला कारण वेगळे आहे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि असंख्य जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तसा धडधाकट असलेला हा डबा भंगारात द्यायचा की टीव्हीखाली ठेवून कामाला लावायचा? काहींच्या मनात याच कामासाठी नवा, तळहाताएवढा मिनी पीसी घेण्याचेही असते. संगणक जुळवून देणारा अर्थातच ‘घ्या’ म्हणणार. म्हणून घेण्याची कारणे एकेक करून तपासलेली बरी.

पहिले कारण वाहिन्यांचे. ते जवळजवळ संपले आहे. केबलची तार थेट संगणकात खोचता येत होती, कारण तेव्हाचे प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होते. मुंबईसह चार महानगरांत २०१२ मध्ये केबलचे डिजिटलीकरण सुरू झाले, २०१३ मध्ये नागपूर-पुण्यासारख्या शहरांची पाळी आली आणि २०१७ पर्यंत उरलेल्या गावांसाठीचीही मुदत संपली. डिजिटल केबल असो वा छतावरची डीटीएच छत्री, बहुतेक वाहिन्या कुलूपबंद येतात आणि त्यांची किल्ली सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डात असते. संगणकाला ती किल्ली मिळत नाही. अमेरिकेत काही काळ केबल कंपन्यांचे कार्ड संगणकात घालण्याची सोय होती. भारतात सामान्य ग्राहकाला तसे काही मिळाले नाही. अपवाद दूरदर्शनच्या फ्री डिशचा. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही आणि तिच्यावरील कुलूप नसलेल्या वाहिन्या उपग्रह-ट्यूनर कार्डाद्वारे संगणकावर घेता येतात. ‘सह्याद्री’वरील एखादा संगीताचा कार्यक्रम उतरवून ठेवणाऱ्याला ही सोय मोलाची वाटेल. परंतु तेवढ्यासाठी संगणक बांधणारे विरळाच.

दुसरे कारण इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांचे. येथे तर संगणक उणा ठरतो आणि याची कल्पना विकत घेणाऱ्याला सहसा नसते. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आले, पाठोपाठ इतर सेवा आल्या. या कंपन्यांना चोरीची धास्ती असल्याने त्या सर्वांत स्पष्ट चित्र फक्त ज्या उपकरणावर त्यांचा भरवसा आहे त्यालाच देतात. चार-सहा हजारांच्या स्टिकला मिळणारे फोर-के चित्र तिच्या कैकपट किमतीच्या संगणकाला मिळेलच असे नाही. विंडोजवर नेटफ्लिक्सचे फोर-के पाहायचे तर विशिष्ट प्रोसेसर, एचडीसीपी २.२ पाळणारा पडदा आणि ठरावीक ब्राउझर किंवा कंपनीचे स्वतःचे अ‍ॅप, इतका सरंजाम लागतो. लिनक्सवर ते मिळत नाही. ज्या घरात टीव्हीचा उपयोग केवळ या सेवांसाठी होतो, त्या घराने संगणकाचा विचार येथेच सोडून द्यावा.

मग उरते काय? उरते ते घरचे स्वतःचे. अमरावती-अकोल्यात स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांचे मूळ घर एखाद्या लहान गावी असते. वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर हे तिवसा तालुक्यातील गाव त्याचे चांगले उदाहरण आहे. प्राचीन विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वपरिचित आहे. तेथून आषाढीला पंढरपूरकडे निघणारी पालखी चारशे वर्षांहून जुनी मानली जाते, कार्तिकात तेथे यात्रा भरते. अशा गावच्या घरातले लोखंडी कपाट उघडले तर काय काय निघेल, हे वऱ्हाडातल्या कोणालाही सांगता येईल. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट, पालखीच्या प्रस्थानाचे कोणी हौसेने केलेले चित्रीकरण, सप्ताहातल्या कीर्तनांच्या साठ आणि नव्वद मिनिटांच्या ध्वनिफिती, मराठी नाटकांच्या व्हीसीडी, आणि छायाचित्रकाराने लग्नानंतर आणून दिलेल्या, वर नवरा-नवरीची नावे छापलेल्या डीव्हीडी. यातली खासगी चित्रणे आणि कीर्तने कोणत्याही कंपनीच्या संग्रहात सापडणार नाहीत. आजोबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी आहे आणि ती ध्वनिफीत कदाचित चाळीस वर्षांची झाली आहे.

या ठेव्यावर काळाचा दाब आहे, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. आता जे चालतात ते जुने, दुरुस्त केलेले यंत्रच. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी धरते आणि तशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्राचे मुखही खराब होते. घरी किंवा स्टुडिओत ‘बर्न’ केलेल्या तबकड्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली असते. तो थर उष्णतेने आणि उजेडाने विटतो. कारखान्यात छापलेल्या तबकड्या त्यामानाने टिकाऊ. त्यामुळे १९९५ च्या कॅसेटवरचे लग्न अजून दिसते आणि २००८ च्या डीव्हीडीवरचे उघडत नाही, असा उलटा अनुभव काही घरांना येतो.

हा ठेवा संगणकावर घेण्याचे काम अवघड नाही, पण चिकाटीचे आहे. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल तारा एका लहानशा यूएसबी उपकरणात घालायच्या आणि ते संगणकाला जोडायचे. फीत जितकी वाजेल तितकाच वेळ लागतो. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेणार. चाळीस कॅसेट म्हणजे एकशेवीस तासांचे काम, हे गणित आधी करावे. चांगल्या प्रतीत तीन तासांचे चित्रण सुमारे ८ जीबी जागा घेते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर शंभराहून अधिक कॅसेट मावतात. नव्वद मिनिटांची ध्वनिफीत काहीही न दाबता उतरवली तरी एक जीबीच्या आत बसते. व्हीसीडीची प्रत काढणे सर्वांत सोपे. तिचे चित्र मुळातच ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, त्यामुळे आजच्या पन्नास इंची पडद्यावर ते धूसर दिसते. त्याला इलाज नाही. बाजारात विकत घेतलेल्या चित्रपटांच्या बाबतीत कायद्याचेही भान असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी उपयोगासाठी रास्त वापराची सवलत आहे, मात्र हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले आहे. घरच्या लग्नाला यातले काहीच लागू नाही.

आता कळीचा प्रश्न. हे सारे पाहण्यासाठी टीव्हीखाली संगणकच हवा का? पुष्कळदा नको. आजचे स्मार्ट टीव्ही पेन ड्राइव्हवरचे एमपी-फोर चित्रण थेट दाखवतात. अडते ते जुन्या स्वरूपांपाशी. व्हीसीडीवरील ‘डॅट’ फाइल किंवा जुन्या पद्धतीची एव्हीआय अनेक टीव्हींना उमगत नाही. व्हीएचएसचे चित्र एकाआड एक ओळींनी बनलेले असते, ते साधा टीव्ही सरळ दाखवू लागला की हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. चौकोनी चित्र आडव्या पडद्यावर ताणले गेले की वऱ्हाडी मंडळी एकजात जाड दिसू लागतात. संगणकावरील ‘कोडी’ हे मोफत सॉफ्टवेअर हे दोष चांगले निस्तरते. मूळचे २००० च्या दशकात एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलेले आणि २०१४ मध्ये हे नाव मिळालेले कोडी अँड्रॉइड टीव्हीवरही चालते. म्हणजे संगणक टीव्हीखाली न ठेवता आतल्या खोलीत ठेवावा, त्याने संग्रह सांभाळावा आणि घरच्या वाय-फायवरून टीव्हीने तो मागून घ्यावा, ही मांडणी अधिक शहाणपणाची. त्यासाठी ‘जेलीफिन’सारखे मोफत सॉफ्टवेअर आहे. परदेशी चित्रपटांची नावे-चित्रे असे सॉफ्टवेअर स्वतः शोधून आणते. गावच्या कीर्तनाचे नाव, साल आणि कीर्तनकार मात्र घरच्यांनाच देवनागरीत लिहावे लागेल. ते लिहू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर लिहून घेतलेले उत्तम.

या कामाला जुना संगणक बहुधा पुरतो. एचडी चित्रपटांचे एच-२६४ हे स्वरूप दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणकही सहज पेलतो. फोर-केसाठी लागणारे एचईव्हीसी इंटेलच्या २०१७ च्या सुमाराच्या सातव्या पिढीपासून नीट चालते आणि एव्ही-वन हे त्यानंतरचे स्वरूप अकराव्या पिढीपासून. घरच्या व्हीएचएसला यांतल्या कशाचीच गरज नाही. मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेट असतील तर जुना संगणक उलट अधिक कामाचा, कारण त्या उतरवण्यासाठी लागणारे फायरवायरचे खोबण नव्या संगणकांत मिळत नाही. विंडोज काढून लिनक्स घातले की सुरक्षेची चिंताही बरीच कमी होते.

विजेचा हिशेब मात्र जुन्या संगणकाच्या विरोधात जातो. असा संगणक नुसता चालू असताना पन्नासेक वॅट खातो. रोज पाच तास चालवला तर वर्षाला सुमारे ९० युनिट, आणि अहोरात्र चालू ठेवला तर ४३८ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर अहोरात्र चालणाऱ्या संगणकाचे वर्षाला चार हजारांहून अधिक बिल येते. तेवढ्यात स्ट्रीमिंगची स्टिक येते. इंटेलच्या एन-१०० जातीच्या प्रोसेसरचा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पाय फारच कमी वीज घेतो, पण त्याची किंमत आधी मोजावी लागते. जुना संगणक लागेल तेव्हाच चालू करणे हा साधा मार्ग बहुतेकांना पुरेसा आहे.

वऱ्हाडच्या उन्हाचा विचार परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. त्यांत पानेच्या पाने संगणकाच्या पंख्याचा आवाज कसा कमी करावा यावर असतात. मार्च ते जून अकोल्यात ज्या खोलीत कूलर धडधडतो तेथे पंख्याचा आवाज कोण ऐकणार? येथील अडचण वेगळी. पारा ४५ अंशांपलीकडे गेला असताना बंद टीव्ही-कपाटात कोंबलेला संगणक तापतो, आणि हार्ड डिस्कची कमाल मर्यादा सहसा ६० अंशांची असते. कूलरच्या झोतासमोर तो ठेवणे हाही उपाय नव्हे. दमट हवा आणि धूळ यांचा चिखल आत साचतो. वादळी पावसात वीज येते-जाते, त्यासाठी यूपीएस हवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टरचे बटण ‘यूपीएस’ या स्थितीत असावे, अन्यथा वीज जाताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो.

राहिला रिमोट. बहुतेक संगणक टीव्हीच्या रिमोटला दाद देत नाहीत, त्यासाठी वेगळा कीबोर्ड लागतो. रास्पबेरी पायला ही अडचण नाही. ज्या आजींसाठी जुन्या लग्नाची कॅसेट शोधून काढली, त्यांना ती लावण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागणार असेल तर तो संगणक महिन्याभरात धूळ खात पडेल.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते नव्या संगणकावर न करता दोन हार्ड डिस्कवर करावेत, एक शहरात आणि एक गावच्या घरी. एकाच डिस्कवर ठेवलेला संग्रह ती डिस्क बिघडली की कपाटातल्या कॅसेटसह कायमचा जातो, कारण तोवर कॅसेट वाजवणारे यंत्रही घरात उरलेले नसते. कामाची सुरुवात जुन्या ध्वनिफितींपासून आणि घरी बर्न केलेल्या तबकड्यांपासून करावी. बाजारात मिळालेल्या नाटकांच्या व्हीसीडी सर्वांत शेवटी घ्याव्यात. त्यांची दुसरी प्रत कोणाकडे तरी असण्याची शक्यता आहे.