बिरसीहून पणजीला

आमचे बिरसी नकाशात शोधायचे झाले तर महाराष्ट्राच्या पार पूर्वेच्या टोकाला बोट न्यावे लागते. गोंदियाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत वसलेले लहानसे गाव. या गावाला विमानतळ आहे असे सांगितले की पुण्या-मुंबईची मंडळी थट्टा समजून हसतात. पण विमानतळ आहे, आणि तो आजकालचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. माझ्या मायचे सारे आयुष्य त्या धावपट्टीच्या शेजारी गेले. तिने विमाने हवी तेवढी पाहिली. समुद्र मात्र वयाची सत्तरी उलटेपर्यंत पाहिला नव्हता.

गेल्या फाल्गुनात तिला पणजी दाखवायला नेले. 'दाखवायला नेले' हे शब्द आता लिहिताना जरा जड जातात. कोणी कोणाला काय दाखवले हे पुढे येईलच.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' वर्गात शिकवत आलो त्याला अठरा वर्षे झाली. पण ज्या मुलखात ते लिहिले गेले तो कधी पाहिला नव्हता. त्यातून वडिलांची एक जुनी सल होती. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात यावे की वेगळे राहावे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. 1,72,191 मते पानांना पडली आणि 1,38,170 फुलाला. वडील तेव्हा मॅट्रिकला होते. त्या दिवशी आपण जेवलो नाही, असे ते आम्हाला नेहमी सांगत. पुढे ते शिक्षक झाले आणि त्यांनी घरात नियम केला, की बोलायचे ते शुद्ध मराठीत. आता आमची घरची बोली पोवारी. 'आहे' ला आम्ही 'से' म्हणतो. वडिलांसमोर आमच्यापैकी कोणाच्या तोंडून 'से' निघाला की वडील नुसते पाहत. माय तर पाहुण्यांपुढे बोलतच नसे. लोक तिला अबोल समजत. मीही समजत होतो.

वडील जाऊन चार वर्षे झाली. सौ.ला कन्यकेच्या दहावीच्या परीक्षेमुळे हलता येईना. तेव्हा आम्ही मायलेक दोघेच महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो. ही गाडी गोंदियाला सुटते आणि कोल्हापूरला पोहोचते. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तेही राज्याची हद्द न ओलांडता. एक दिवस, एक रात्र आणि वर दुसऱ्या दिवसाची दुपार. डब्यात चढताना कानावर हिंदी आणि पोवारी होती. वर्ध्यापुढे वऱ्हाडी आली, भुसावळच्या सुमारास खानदेशी, आणि मिरजेला एक गृहस्थ दाराशी उभे राहून ज्या ठसक्यात चहावाल्याशी बोलले ते ऐकून माय पदराआड हसली. मराठीच्या वर्गात मी जी एक मराठी शिकवतो, ती त्या चौदाशे किलोमीटरांच्या आतबाहेर कुठल्याच फलाटावर कोणी बोलत नव्हते. कोल्हापूरला एस. टी. पकडून घाट उतरलो आणि रात्री पणजीत दाखल झालो.

उतरायची सोय मळ्याच्या बाजूला, फोंताइन्यश या जुन्या वस्तीत केली होती. (हा उच्चार जमायला मला दोन दिवस लागले. मायने पहिल्याच दिवशी त्याचे 'फुंतान' करून टाकले आणि रिक्षावाल्याला ते बरोबर कळले!) अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती, शिंपल्यांची तावदाने बसवलेल्या जुन्या खिडक्या. घरमालकीणबाई मायच्याच वयाच्या. सकाळी बाल्कांवावर बसून त्या मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि वाचता वाचता मध्येच मान वर करून मासळीवालीशी कोंकणीत कडाकडा भांडत. भांडण आटोपले की पुन्हा मराठीत अग्रलेख. मी मनात म्हटले, ही बाई दोन पायांवर चालते तितक्या सहजतेने दोन भाषांवर चालते आहे.

पणजीला समुद्रकाठची राजधानी म्हणतात खरे, पण प्रथम भेटते ती मांडवी. काठावर आदिलशहाचा जुना वाडा आहे. 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, 1759 मध्ये त्यांचा व्हाइसरॉय जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून इकडे राहायला आला, आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. पुढे कितीतरी वर्षे मुक्त गोव्याची विधानसभाही याच वाड्यात भरत असे. शेजारी अ‍ॅबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीला जन्मलेला आणि पॅरिसात संमोहनविद्येने गाजलेला हा पाद्री. समोर झोपी गेलेली बाई आणि तिच्यावर दोन्ही हात रोखून उभा असलेला तो, असे ते शिल्प. मी हा सगळा इतिहास मायला सांगत होतो. ती नदीकडे पाहत होती.

मराठीत सांगायचे तर ती म्हणाली, "ही नदी उलटी का चालली आहे?"

मी पाहिले, तर खरेच. संध्याकाळची वेळ, आणि पाण्यावरचा पाला, नारळाची एक करवंटी, सारे समुद्राकडून आत, डोंगरांच्या दिशेने चालले होते. गळ टाकून बसलेला एक म्हातारा म्हणाला, "भरती." जुगाराच्या रोषणाई केलेल्या बोटी त्या पाण्यात डुलत होत्या, त्यांकडे मायने ढुंकूनही पाहिले नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात जन्म गेलेल्या बाईला नदी मागे फिरू शकते हेच केवढे तरी नवल होते. तिसऱ्या दिवशी मिरामारला समुद्र पाहून तिला एवढे आश्चर्य वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्मीच्या देवळात गेलो. 1818 मधले हे देऊळ. पोर्तुगीज अमलात पणजीत उभे राहिलेले. आरती चालू होती आणि ती चक्क मराठीत. मायचे ओठ हलू लागले, कारण तीच आरती बिरसीला गणपतीपुढे होते. आरती संपली, प्रसाद झाला, आणि पायऱ्या उतरता उतरता सारी मंडळी कोंकणीत बोलू लागली. माय थबकली. "हे आपल्यासारखेच आहेत," ती म्हणाली. "देवाशी मराठी, घरी घरची."

या विषयावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. त्या क्षणी मात्र मला एक अक्षर सुचले नाही.

जुन्या गोव्याची बस रायबंदरच्या वाटेने जाते. सतराव्या शतकातल्या बांधावरून जाणारा तो रस्ता आहे. एके काळच्या त्या भरभराटीच्या राजधानीत आता चर्चे उभी आहेत आणि मधल्या जागेत गवत. सेंट ऑगस्टीनचा जांभ्या दगडाचा मनोरा अर्धाच उरला आहे. 1842 मध्ये छत कोसळले, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग. त्याची घंटा मात्र वाचली. ती 1871 पासून पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये आहे आणि आदल्या संध्याकाळीच आम्ही ती ऐकली होती. जवळच सेंट पॉल कॉलेजची उरलेली एकुलती कमान. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 मध्ये या कॉलेजात आला. आणि 1579 मध्ये इंग्लंडातून आलेला टॉमस स्टीफन्स नावाचा तरुण याच मुलखात चाळीस वर्षे राहून इथेच मेला. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. पण त्याच माणसाने लोकांच्या घरच्या बोलीचे, कोंकणीचे, व्याकरणही लिहून ठेवले. ते त्याच्या पश्चात 1640 मध्ये छापले गेले.

हे दोन्ही मला ठाऊक होते. विद्यार्थ्यांना मी पहिल्याचे सांगत आलो आणि दुसऱ्याचे तळटीप म्हणून. त्या कमानीखाली उभा असताना मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला. खेड्यातून आलेला, पोवारी घरातला. तीन वर्षांपूर्वी स्वतःचा निबंध वाचून दाखवताना तो 'आहे' च्या जागी 'से' म्हणून गेला. वर्ग हसला. पण त्यात पहिला हसलो तो मी. पोवारी घरातल्या प्राध्यापकाने हसायचे म्हणजे बाकीच्यांना परवानाच! तो मुलगा त्यानंतर वर्षभर वर्गात बोलला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने मराठी विषय सोडला.

कोंकणीला 1987 मध्ये गोव्याच्या राजभाषेचा मान मिळाला आणि 1992 मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. वडिलांना हे कधी रुचले नाही. ते म्हणत, मराठीचे एक लेकरू दुरावले. घरमालकीणबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या पोह्यांची बशी पुढे सरकवत म्हणाल्या, "मास्तर, लेकरू कसले? आमचे बाकीबाब दोन्हींत लिहायचे. त्यांनी कुठे एकीला आई आणि दुसरीला मावशी ठरवली?" बोरकरांच्या कविता मी दरवर्षी शिकवतो. मराठीतल्या.

शिगम्याच्या मिरवणुकीला त्याच आम्हाला घेऊन गेल्या. ढोल-ताशे, घोडेमोडणी, रोमटामेळाचे "ओस्सय, ओस्सय". वाटेत एका परसातून काजूची बोंडे आंबवल्याचा वास आला आणि माय खाडकन उभी राहिली. "मोह!" ती म्हणाली. आमच्याकडे या दिवसांत पळस पेटलेला असतो, पहाटे मोहफुले वेचतात, आणि ती आंबली की गल्लीभर असाच वास येतो. बाईंना मोह ठाऊक नव्हता. मग भर गर्दीत, ढोलांच्या कल्लोळात, माय पोवारीत मोहाचे झाड समजावून सांगू लागली आणि बाई कोंकणीत हुर्राक कसे काढतात ते. कोणाला किती कळले देव जाणे. मी मध्ये दुभाष्या व्हायला गेलो तर दोघींनी मला हाताने बाजूला केले. अबोल म्हणून जिची ख्याती, ती माझी माय दोन तास बोलत होती. (हुर्राकाची चव घेतली की नाही, हा प्रश्न वाचकांनी प्राध्यापकाला विचारू नये.)

परतीच्या गाडीत मनमाड मागे टाकल्यावर माय खिडकीशी टेकून बसली होती. मी तिला पोवारीत विचारले, भूक लागली आहे का. किती वर्षांनी विचारले असेल! माय माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, क्रियापद चुकले. भूक बाईमाणूस असते, तू तिला पुरुष केलास.

तिने ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि मगच डबा उघडला.