सहा चाकांची रोजची गाडी

रस्त्याच्या कडेला उभा असलेला मालट्रक तुम्ही कधी मागून नीट पाहिला आहे का? पुढे दोन चाके असतात, पण मागच्या आसावर प्रत्येक बाजूला चाकांची जोडी असते. म्हणजे एकूण चाके सहा. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या टाटा ४०७ सारख्या लहान ट्रकलाही मागे अशी जोडचाके आहेत. आपल्याकडे अशी गाडी दिसली की ती माल वाहणारी आहे हे लहान मूलही सांगेल. ती घेऊन कोणी मंडईत भाजी आणायला जात नाही, की मुलांना शाळेत सोडायला जात नाही.

अमेरिकेत मात्र, विशेषतः टेक्सास किंवा ओक्लाहोमा यांसारख्या शेती आणि पशुपालनाच्या राज्यांत, असे दृश्य नवलाचे नाही. तेथे पिकअप ट्रक, म्हणजे पुढे मोटारीसारखी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी, घरोघरी असते. त्यांतल्या सर्वांत दणकट गाड्यांना मागे जोडचाके असतात. लोक त्यांना ‘ड्युअली’ म्हणतात. जनरल मोटर्स या कंपनीने १९७३ मध्ये जोडचाके बसवलेला पिकअप कारखान्यातूनच विक्रीला आणला. आज फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० आणि शेव्रोले सिल्व्हरॅडो ३५०० एचडी हे पिकअप जोडचाकांसह मिळतात. काही माणसे हीच गाडी कामावर, दुकानात, शाळेत, सगळीकडे नेतात.

ओझे वाहण्यासाठी घडवलेले यंत्र रोज रिकामे फिरवले तर काय होते? हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधताना तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेच पदार्थविज्ञान आणि थोडी भूमिती कामाला येते.

चार टायर कशासाठी?

या पिकअपचे स्वतःचे वजन साडेतीन टनांच्या आसपास असते. माल आणि माणसे धरून ते ६,३५० किलोपर्यंत जाऊ शकते. शिवाय मागे जोडलेला ट्रेलर वेगळाच. घोडे, गुरे किंवा गवताचे भारे नेणारा जड ट्रेलर नुसता मागे अडकवत नाहीत. हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास बरोबर वर, एक जोडणी असते. तिच्यावर ट्रेलरची मान टेकवतात. त्यामुळे ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग थेट मागच्या आसावर येतो.

आता हिशेब करू. रिकाम्या ट्रकचे १,४०० किलो वजन मागच्या आसावर आहे असे धरा. ट्रेलर ७ टनांचा आहे आणि त्याचा २० टक्के भार मानेवर आहे. म्हणजे आणखी १,४०० किलो. एकूण झाले २,८०० किलो. अशा ट्रकला लागणारा एक नेहमीचा टायर एकटा असताना १,४०० किलो पेलतो. दोन टायर असतील तर मर्यादा बरोबर २,८०० किलो! त्यात हौद्यात पेंडीची चार पोती टाकली की टायरवर मर्यादेपेक्षा जास्त भार पडला. मोठे टायर बसवून ही मर्यादा थोडी वाढवता येते. पण खरा उपाय म्हणजे मागे दोनाऐवजी चार टायर.

जोडचाकांचा आणखी एक फायदा आहे. धावत्या बसमध्ये उभे राहताना तुम्ही पाय फाकवून उभे राहता, तसाच मागचा आस रुंद पायावर उभा राहतो. उंच ट्रेलर वाऱ्याने हेलकावू लागला तर ही रुंदी उपयोगी पडते. एक टायर फुटला तरी शेजारचा गाडीला एकदम कलू देत नाही.

१२०/११७ चे कोडे

चार टायर म्हणजे दोनाच्या दुप्पट भार, असे तुम्हांला वाटेल. पण टायरवर छापलेला आकडा पाहा. या टायरवर १२०/११७ असे लिहिलेले असते. हे किलो नव्हेत, भाराचे सांकेतिक क्रमांक आहेत. १२० म्हणजे १,४०० किलो, ११७ म्हणजे १,२८५ किलो. पहिला क्रमांक टायर एकटा असतानाचा, दुसरा जोडीत असतानाचा. म्हणजे चार टायर मिळून ५,६०० नव्हे, तर ५,१४० किलो पेलतात.

जोडीत टायरची ताकद का घटते? रस्त्याचा मध्य थोडा उंच आणि कडा उतरत्या असतात; दोन टायरांतली हवाही अगदी सारखी नसते. त्यामुळे भाराची वाटणी समान होत नाही. एकावर थोडा जास्त येतोच. शिवाय दोन टायरांच्या फटीत उष्णता कोंडते. म्हणून अभियंते आधीच थोडी सूट धरून ठेवतात.

जोडीतल्या टायरांचा घेर सारखा असणेही फार महत्त्वाचे आहे. समजा, एका टायरचा व्यास ८० सेंटिमीटर आहे आणि शेजारचा झिजून ७९ सेंटिमीटर झाला आहे. दोन्ही एकाच तुंब्याला जखडलेले असल्यामुळे त्यांचे फेरे सारखेच होणार. मग प्रत्येक किलोमीटरला लहान टायर एक अष्टमांश दशांश, म्हणजे १/८० किलोमीटर मागे पडेल. हे झाले साडेबारा मीटर. एवढे अंतर तो जमिनीवर घासत जातो. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून कळतही नाही. आपल्या महामार्गांवरच्या ढाब्यापाशी क्लीनर लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकतो, तो याचसाठी.

रिकामा ट्रक

आता ट्रेलर सोडून द्या, हौदा मोकळा करा आणि हीच गाडी बाजारात न्या. मागच्या आसावर उरले १,४०० किलो, म्हणजे प्रत्येक टायरवर ३५०. जो टायर १,२८५ किलोंसाठी तयार केला आहे, त्यावर त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके जेमतेम ओझे आहे.

हा आराम नसून अडचण आहे. घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर पृष्ठभागावर पडणाऱ्या दाबबलावर अवलंबून असते, हे तुम्ही शिकला आहात. टायर चार झाले तरी मागचे वजन वाढत नाही. म्हणून पकडही दुप्पट होत नाही. मऊ बर्फात तर उलटेच घडते. कमी टायरांवर जास्त भार असेल तर ते बर्फ कापून खालच्या कठीण रस्त्यापर्यंत पोचतात. चार टायरांवर विभागलेला हलका भार वरच्यावर तरंगतो. म्हणून हिवाळ्यात काही चालक हौद्यात मुद्दाम वाळूच्या पिशव्या ठेवतात. ओझे वाहणाऱ्या गाडीला सरळ चालण्यासाठी ओझे लागते!

धक्क्यांचेही तसेच. मागच्या आसावर पोलादी पाट्यांच्या ताठ स्प्रिंगा असतात. स्प्रिंगवरचे वस्तुमान चौपट कमी झाले तर आंदोलनांची वारंवारता दुप्पट होते, कारण ती वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. भरलेला ट्रक सेकंदाला दीड वेळा डुलत असेल, तर रिकामा तीन वेळा हिसके देईल. काही पाटे भार आल्यावरच टेकतील अशी सोय करून कारखानदार हा फरक कमी करतात, पण तो पुरता जात नाही.

वळणावरची भूमिती

या गाडीचा पुढचा आस आणि मागचा आस यांतले अंतर सुमारे साडेचार मीटर असते. लहान मोटारीत ते २.४ मीटर असते असे धरू. चौकात दोघीही ८ मीटर त्रिज्येने वळल्या. मागचा आस पुढच्या आसाच्या वाटेने जात नाही, तो आतून जातो. पायथागोरसचा सिद्धान्त लावा. मोटारीच्या मागच्या आसाची त्रिज्या येते ७.६३ मीटर, म्हणजे तो ३७ सेंटिमीटर आत जातो. ट्रकची येते ६.६१ मीटर, म्हणजे तो जवळजवळ १ मीटर ३९ सेंटिमीटर आत जातो.

त्यात भर म्हणजे केबिनची रुंदी २.०३ मीटर, पण मागची चाके झाकणाऱ्या फुगीर पंखांपाशी गाडी २.४४ मीटर रुंद. पुढचा भाग सुखरूप निघाला म्हणून चालक निर्धास्त होतो आणि तेवढ्यात मागचे चाक पदपथावर चढते. वळताना जोडीतली दोन चाकेही वेगवेगळ्या त्रिज्यांनी फिरतात. त्यांच्या मध्यांत ३० सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक काटकोनी वळणाला त्यांच्या वाटांत ४७ सेंटिमीटरचा फरक पडतो. डाव्या आणि उजव्या बाजूंमधला असा फरक डिफरन्शियल सांभाळते. जोडीच्या आत मात्र डिफरन्शियल नसते. तो फरक रबराने झिजून भरून काढायचा. लांब महामार्गावर वळणे थोडी, गावात पावलोपावली.

गाडी उभी करतानाही भूमिती आडवी येते. अमेरिकेत मोटार उभी करण्याची जागा सर्वसाधारणपणे ९ फूट रुंद आणि १८ फूट लांब, म्हणजे २.७४ गुणिले ५.४९ मीटर आखतात. चार दारांची, लांब हौद्याची ड्युअली साडेसहा मीटरांहून लांब असते. तिचे नाक किंवा शेपूट एक मीटरहून अधिक बाहेर राहणार.

प्रत्येक सिग्नलची किंमत

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ३,६०० किलोच्या ट्रकची गतिज ऊर्जा सुमारे ३४७ किलोजूल असते. १,२०० किलोच्या मोटारीची त्याच्या एक तृतीयांश. सिग्नल लागला की ब्रेक ही सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा असते. तिचा तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरा. तेवढ्यात हा ट्रक सुमारे ३५ वेळा थांबून पुन्हा वेग घेऊ शकेल, आणि तेही हवेचा व रस्त्याचा विरोध न मोजता. तितक्याच ऊर्जेत ती मोटार शंभराहून अधिक वेळा वेग घेईल. अमेरिकेत नव्या मोटारीवर इंधनखर्चाची चिठ्ठी लावावी लागते. पण भरल्यावर ८,५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३,८५६ किलोंहून जड होणाऱ्या पिकअपना ती सक्ती नाही. तेव्हा हिशेब मालकानेच करायचा.

बॉनेटच्या पलीकडे

आतापर्यंत आपण पैसा आणि सोय यांचा विचार केला. आता सर्वांत गंभीर गोष्ट.

चालकाचा डोळा जमिनीपासून १.९ मीटर उंच आहे, बॉनेटची पुढची कड १.४ मीटर उंच आहे आणि ती डोळ्यापासून २.२ मीटर पुढे आहे, असे धरा. वहीत आकृती काढा आणि समरूप त्रिकोणांचा नियम लावा. कडेवरून जाणारी दृष्टिरेषा डोळ्यापासून सुमारे ८.४ मीटरांवर जमिनीला टेकेल. १ मीटर उंचीच्या मुलाचे डोके दिसण्यासाठी ते मूल डोळ्यापासून जवळजवळ ४ मीटर दूर हवे. यातून २.२ मीटर वजा करा. गाडीच्या नाकापुढे पावणेदोन मीटरांच्या आत एवढ्या उंचीचे मूल उभे असेल, तर ते चालकाला मुळीच दिसणार नाही.

उंचीचा धोका एवढ्यावर संपत नाही. सखल बॉनेटची धडक पायांना बसते, उंच बॉनेटची छातीला किंवा डोक्याला. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांच्या बॉनेटची कड ४० इंचांहून, म्हणजे सुमारे एक मीटरहून उंच होती, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचे प्रमाण ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळले. पुढे कॅमेरा बसवला तर न दिसणारे मूल पडद्यावर दिसू शकते. धडकेची उंची मात्र तीच राहते. शाळेच्या फाटकापाशी ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मग ही गाडी चुकीची आहे का?

नाही. सात टनांचा ट्रेलर डोंगराच्या उतारावरून आणायचा असेल तर हीच गाडी योग्य, आणि लहान गाडीच धोक्याची. एखाद्या पशुपालकाला आठवड्यातून तीन दिवस गुरे न्यायची असतील आणि दुसऱ्या गाडीचा विमा व देखभाल परवडत नसेल, तर उरलेले दिवस तो तीच गाडी वापरतो. त्याचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण वर्षातून चार दिवसच ट्रेलर ओढायचा असेल, तर उरलेले ३६१ दिवस तो न नेलेल्या ओझ्याची किंमत इंधनात, रबरात आणि इतरांच्या सुरक्षिततेत मोजतो.

अभियंत्यांपुढे हा पेच नेहमीच असतो: यंत्र कमाल गरजेसाठी बनवायचे की सरासरी गरजेसाठी? आपल्या महामार्गांवर काही मोठ्या ट्रकांचा एक आस रिकामे असताना उचललेला दिसतो. माल भरला की तो खाली टेकवतात. या पेचावरचे ते एक सुरेख उत्तर आहे.

करून पाहा

उभ्या असलेल्या ट्रकच्या टायरवरचे आकडे वाचा. मोठ्या ट्रकच्या टायरवर बहुधा १४६/१४३ सापडेल. म्हणजे एकटा असताना ३,००० किलो आणि जोडीत २,७२५ किलो. मात्र ट्रक थांबलेला असावा आणि चालकाला आधी विचारावे.

घरी बाटल्यांची दोन झाकणे, एक लहान आणि एक मोठे, एकाच पेन्सिलीच्या दोन टोकांना घट्ट बसवा आणि जमिनीवर घरंगळू द्या. ती सरळ जातात का? ट्रकचा आस सरळ जातो, कारण दुसऱ्या बाजूची चाके आणि पुढची चाके त्याला वळू देत नाहीत. मग ते वळण कोठे जाते? उत्तर झिजलेल्या टायरच्या कडेवर बोट फिरवून शोधा.