खोबरेल गोठते, औषधातले तेल का गोठत नाही?

थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे घरोघरचे आहे. पारा २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेला, की ते गोठू लागते. पण औषधाच्या थेंबांत वापरतात ते 'एमसीटी' तेल पुष्कळदा खोबरेलापासूनच बनवलेले असते, तरी ते थंडीत पातळ राहते. असे का बरे?

श्रोतेहो, तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या तीन साखळ्या. या साखळ्या मेदाम्लांच्या. त्यांत कार्बनचे अणू माळेसारखे ओवलेले असतात. शेंगदाण्याच्या तेलात बहुतेक साखळ्या १८ कार्बनच्या. खोबरेलात जवळजवळ निम्म्या १२ कार्बनच्या, म्हणजे लॉरिक आम्लाच्या. ८ कार्बनचे कॅप्रिलिक आणि १० कार्बनचे कॅप्रिक ही मात्र त्यात थोडीच. (लॅटिनमध्ये 'कॅप्रा' म्हणजे शेळी, शेळीच्या दुधातही ही आम्ले असतात.)

कारखान्यात खोबरेलातली मेदाम्ले सुटी करून ८ आणि १० कार्बनची तेवढी वेगळी काढतात व पुन्हा ग्लिसरीनला जोडतात. झाले एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीचे तेल! युरोपच्या औषधसंहितेप्रमाणे त्यातल्या मेदाम्लांत ८ कार्बनचे ५० ते ८० टक्के, १० कार्बनचे २० ते ५० टक्के आणि लॉरिक फार तर ३ टक्के असावे. साखळ्या आखूड, त्यामुळे त्यांची आपसातली ओढ कमी. म्हणून तेल पातळ. ते लवकर खवटही होत नाही. औषध विरघळवून पोटात न्यायला असे तेल सोयीचे पडते.

खरी गोम पुढेच आहे. लांब साखळीची चरबी आतड्यातून लसिकेच्या वाटेने जाते. ८ आणि १० कार्बनची मुख्यतः रक्तातून थेट यकृताकडे. लॉरिकला पुस्तकात 'मध्यम' म्हणतात खरे, पण शरीर त्याला बरेचसे लांब साखळीच्याच वाटेला लावते. छातीत लसिका गळण्याचा एक आजार आहे. त्यात डॉक्टर नेहमीचे तेलतूप तोडून एमसीटी देतात. ते महाग पडते. मग घरातले कोणी म्हणते, "नारळाचेच ना? मग आपले खोबरेल काय वाईट?" इथेच चुकते! खोबरेलाची बरीचशी चरबी त्या गळत्या वाटेनेच जाते.

एमसीटीने सगळे भागते असेही नाही. शरीराला बाहेरूनच लागणारी आवश्यक मेदाम्ले त्यात नसतात. ती कशी द्यायची हे डॉक्टरच ठरवतात. तळणीलाही ते कामाचे नाही.

काही बाटल्यांवर 'एमसीटी' लिहिलेले असते आणि आत लॉरिक भरपूर असते. तेव्हा सी-८, सी-१० आणि सी-१२ पुढचे आकडे घेण्याआधी वाचावेत. वाचता येत नसतील तर गावातल्या गुरुजींकडून वाचून घ्यावेत.