पेन्शनच्या कागदाला दलाल कशाला?



उसाच्या पत्रिकेत पेन्शनचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण शहापूर-मुरबाडच्या गावांतून लागणीच्या नोंदी घेत फिरताना बांधावर ही गोष्ट हटकून निघते. आपल्या सभासदांत फौजेतून निवृत्त झालेले जवान आहेत, त्यांच्या विधवा भगिनी आहेत. कोणाच्या नावात चूक असते, कोणाचे कुटुंब निवृत्तिवेतन अडते, कोणाचा अपंगत्वाचा दावा नामंजूर होतो. मग "काम करून देतो, फरकातले वीस टक्के द्या," असे म्हणणारा भेटला की माणूस हो म्हणून बसतो.

हिशेब करून पाहा. एक लाख रुपये फरक मिळाला तर वीस हजार त्याचे. टनाला 3,000 रुपये दर धरला, तर हे साडेसहा टनांहून जास्त उसाचे पैसे झाले, आणि तेही दोन-चार कागद भरण्याबद्दल!

कायदा काय म्हणतो?

1871 च्या पेन्शन कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे, पुढे मिळायच्या पेन्शनच्या रकमेवर आधीच करून दिलेला करार किंवा गहाणखत रद्दबातल ठरते. वकिलालासुद्धा निकालावर टक्केवारी ठरवून फी घेता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणजे टक्केवारीच्या कागदावर अंगठा घेतला, तरी त्या कागदाला कायद्याचा आधार मिळणे कठीण.

मग सरकारने दलालांना परवाने द्यावेत काय?

ऐकायला हे बरे वाटते. पण परवाना म्हटला की नोंदवही आली, परीक्षा आली, तक्रारींची सुनावणी आली, तपासणीला माणसे आली. हा खर्च तिजोरीतून केला तर तो तुमच्या-आमच्या करातून जाणार. दलालाकडून फी घेऊन भागवला तर तो जवानाकडूनच वसूल करणार. काही झाले तरी खर्च कोणाच्या तरी खिशातून जातोच.

अमेरिकेचा अनुभव पाहा. तिथे यादवी युद्धाच्या काळात, 1864 साली, सैनिकाच्या पेन्शन दाव्यासाठी वकिलाची फी दहा डॉलरवर बांधून टाकली. ती मर्यादा 1988 पर्यंत टिकली. फसवणूक आवरली, पण दहा डॉलरांत काम करायला वकीलही मिळेनात. बहुतेक मदत माजी सैनिकांच्या संघटना फुकट करू लागल्या. आता तिथे अधिकृत मदतनिसांची नोंदणी आहे. मात्र 2006 साली नोंदणीशिवाय फी घेणाऱ्यावरची फौजदारी शिक्षा निघाली आणि पुढे विनानोंदणीच्या कंपन्या वाढल्या. नियम ठेवला आणि अंमल ठेवला नाही, तर असे होते.

तपासणी टाळली तर?

तपासणीचा खर्च वाचवूनही भागत नाही. आपल्या मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले. अशा वीरांच्या पिढीसाठी सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनमध्ये बीड जिल्ह्यात बोगस नावे घुसली. मग न्यायमूर्ती पालकर आयोग बसला आणि प्रकरण 2005 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यात खऱ्यांनाही संशयाची झळ लागली. वजनकाटा तपासायला पैसे लागतात. पण न तपासलेला काटा त्याहून महाग पडतो, हे ऊसवाल्याला सांगायला नको.

आपले मत

माझ्या मते सार्वजनिक पैसा आधी फुकट मदतीच्या खिडकीवर खर्च व्हावा. ती खिडकी उघडी आणि जवळ असली की दलालाचे गिऱ्हाईक आपोआप तुटते आणि त्याच्यावर पहारा ठेवण्याचा खर्चही कमी होतो. गावातच चांगला रोपमळा असला, तर बाहेरच्या भेसळ बेण्यामागे कोण धावेल? उरलेल्या दलालांसाठी मोजकेच पण कडक नियम पुरेत: टक्केवारी नाही, ठरावीक फी, आणि पावती सक्तीची.

खिडकी आजही आहे, पण माहीत नसते. म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

1. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिक व विधवांना विनामूल्य मार्गदर्शन करते. त्याचा खर्च केंद्र व राज्य सरकार मिळून करतात. तो आपलाच पैसा आहे, तेव्हा संकोच नको.

2. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, मोफत वकील मिळू शकतो. वीरपत्नींनी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करावी.

3. दावा नामंजूर झाला म्हणजे सगळे संपले असे नाही. 2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.

4. 'स्पर्श' प्रणालीचा पासवर्ड किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. मूळ सेवापुस्तिका हातची सोडू नये.

5. हयातीचा दाखला दर वर्षी वेळेवर द्यावा. निम्म्या अडचणी तिथेच टळतात.

शिकलेल्या मुलांनी आपल्या गावातील एका तरी माजी सैनिकाचे किंवा विधवा भगिनीचे कागद लावून द्यावेत. सहकार म्हणजे केवळ ऊस घालणे नव्हे. एकमेकांचे अडलेले काम पुढे ढकलणे हाही सहकारच आहे.

— ऊस विकास अधिकारी, भातसानगर